स्प्रिंग हलकी आहे म्हणतात

मी एडना बोलते आहे. पेशाने पिस्तूल, नऊ मिलिमीटरचे, स्वभावाने काटेकोर. हे नाव कारखान्याने दिलेले नाही. कारखाना आम्हांला फक्त क्रमांक देतो. नाव ठेवले माझ्या मालकिणीने, अर्डिस टॉरगर्सनने. तिच्या लहानपणी एडना नावाच्या एक शिक्षिका होत्या. बाकावर वाकून बसलेले मूल त्यांना खपत नसे, आणि चूक झाली की त्या एकदाच, पण साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. माझा पहिला बार ऐकून अर्डिस म्हणाली, "अगदी एडनाबाई." तेव्हापासून मी एडना.

माझा जन्म पोलादाच्या एका ठोकळ्यातून झाला. कापणे, कोरणे, घासणे, काळे करणे, असे सारे संस्कार यथासांग झाले. नळी, घोडा, चाप एकमेकांशी नीट बोलू लागले, तेव्हा एका चष्मेवाल्या गृहस्थाने माझ्यातून काही गोळ्या झाडून पाहिल्या आणि मान डोलावून मला पेटीत निजवले. मी आमच्या घराण्याची दुसरी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीपेक्षा माझी पकड बरी, असे तेव्हा लोक म्हणत. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटे. आवृत्त्या पुढेही निघत राहतात, हे त्या वयात सुचत नाही.

मॉन्टानातल्या हार्लो बेंड या गावी डेल हॅगनच्या दुकानात मी काचेच्या कपाटात पडून होते. तेथून मला लायल टॉरगर्सनने घरी आणले. लायल धान्याच्या कोठारावरची यंत्रे दुरुस्त करी. आता येथे या गावची एक रीत सांगायला हवी. नवे पिस्तूल घरी आणलेला नवरा बायकोसमोर कधीही कबूल करत नाही की ते नवे आहे. बायकोने विचारलेच, तर प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते. ते बापाकडून मुलाकडे येते, आणि ते उच्चारताना नजर खिडकीबाहेर ठेवायची असते.

"हे काय आणलंस?" अर्डिसने विचारले.

"हे? हे माझ्याकडे कधीपासूनचं आहे," लायल खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

अर्डिसने मला उचलले, उलटे केले आणि माझ्या मुठीखाली चिकटलेली किमतीची चिठ्ठी नखाने सोलून त्याच्या कॉफीच्या कपाला लावली.

"कधीपासूनचं म्हणजे सकाळपासूनचं वाटतं," ती म्हणाली. "दंड म्हणून आता हे माझं."

मी अशी एका खोट्यापायी अर्डिसची झाले, आणि त्या खोट्याबद्दल मला कधी वाईट वाटलेले नाही.

गावामागच्या जुन्या खडीच्या खाणीत नेमबाजीचा क्लब भरे. शनिवारी मोठ्या पातेल्यांत चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचे तिखट कालवण शिजे, तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल असत, आणि पलीकडे लोखंडी तबकड्या ओळीने उभ्या असत. गोळी लागली की तबकडी टणकन वाजे. सप्टेंबरात जोडप्यांची स्पर्धा होई. आधी नवरा, मग बायको. सर्वांत मागे राहिलेल्या जोडप्याने वर्षभर चिलीची पातेली घासायची. अर्डिसने संसारात भरपूर पातेली घासली होती आणि आणखी घासण्याची तिची तयारी नव्हती. त्यामुळे ती नेम फार मन लावून धरी.

माझ्या नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा आहे, त्याला माशी म्हणतात. माझी माशी काळी. काळ्या माशीकडे पाहून अर्डिसचे डोळे दुखत, म्हणून तिने तिच्यावर नखांना लावायचा पोवळ्याच्या रंगाचा रोगण लावला. ही सोय येथे पुष्कळजणी करतात. मात्र अर्डिसच्या हाताला रंगकामाची शिस्त नाही. रोगण माशीवर लागला तेवढाच तिच्या दोन्ही अंगांना ओघळला. दर वसंतात ती नवा थर देई आणि दर वसंतात तो नव्याने ओघळे. मला नीटनेटकेपणाची आवड. पण या एका बाबतीत मी तिला कधी बोलले नाही.

माणसांचे मला जे थोडेफार कळले, ते नेम चुकल्यावर. नेम लागला की माणूस स्वतःकडे पाहतो. नेम चुकला की माझ्याकडे पाहतो. अर्डिस तशी नव्हती. चुकली की ती म्हणे, "एडना, ही चूक माझी." इतका न्याय आमच्या वाट्याला सहसा येत नाही.

वर्षे अशीच गेली. माझ्या अक्रोडाच्या लाकडी मुठीला तिच्या तळव्याचा आकार आला. तिच्या बोटांच्या सांध्यांनाही आकार आला, पण तो दुखण्याचा. मला सज्ज करायचे तर माझा वरचा पोलादी भाग, ज्याला सारे स्लाइड म्हणतात, मागे खेचावा लागतो. माझी स्प्रिंग जुन्या वळणाची, ताठ. क्लबाचा नियम असा की प्रत्येकाने आपले पिस्तूल आपल्या हाताने भरायचे आणि आपल्या हाताने रिकामे करून दाखवायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नियम योग्यच आहे. पण एका शनिवारी अर्डिस रेषेवर उभी राहिली, तिने स्लाइड ओढली, आणि ती अर्ध्यावर अडली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली. लायल नकळत पुढे झाला.

"लायल, मागे हो," पंच हळूच म्हणाला. "तिचं तिलाच करायला हवं."

अर्डिसने मला पिशवीत ठेवले. परतताना गाडीत ती म्हणाली, "यंदा जोडप्यांच्या स्पर्धेत नाव घालू नकोस. माझं झालं आता."

लायलने गाडीची काच पुसणारा दांडा चालू केला. बाहेर आभाळ कोरडे होते.

शनिवार हा त्या घराचा सण होता. उरलेल्या दिवशी ती दोघे हवामानाबद्दल बोलत. शनिवारी एकमेकांशी बोलत. हे मला दोघांच्या मधोमध पिशवीत पडून चांगलेच ठाऊक होते.

त्याच सुमारास माझ्या घराण्याची पाचवी आवृत्ती बाजारात आली आणि डेलच्या दुकानात तिच्यावरून रोज परिषद भरू लागली. जुने देऊन नवे घ्यावे की नाही? एक म्हणे, चाप गुळगुळीत आहे. दुसरा म्हणे, जुन्याने आजवर कुणाला उपाशी ठेवले? तिसरा माथ्यावर नेम धरायची लाल ठिपक्याची काच बसवण्यासाठी केलेली खाच बोटाने चाचपून पाही आणि खरेदी न करताच घरी जाई. लायल या वादात कधी पडत नसे. या वेळी त्याने एकच प्रश्न विचारला.

"स्लाइड ओढायला कशी आहे?"

"लोण्यासारखी," डेल म्हणाला. "स्प्रिंग हलकी केलीय. माझी आजीसुद्धा ओढेल, आणि ती वारून जमाना झाला."

घरी लायलने विषय काढून पाहिला.

"एडनाला काहीही झालेलं नाही," अर्डिस म्हणाली. "झालंय ते माझ्या बोटांना. बोटांची पाचवी आवृत्ती निघाली की सांग."

पुढे जे घडले, ते मी गॅरेजमधल्या फळीवर उताणी पडून पाहिले. लायलने नवी आणली होती. रूपाने ती हुबेहूब मी. कारखान्याला आमच्या चेहऱ्यात फरक करावासा वाटला नव्हता. माथ्यावरची ती खाच एका पातळ पट्टीने झाकलेली होती. लायलने माझी अक्रोडाची मूठ उतरवून तिला चढवली आणि तिचे काळे प्लॅस्टिक माझ्या अंगावर चढवले. उतारवयात दुसरीचे कपडे घालावे लागले, आणि तेही मापाने तंतोतंत बसले, हा त्यातला जास्त बोचरा भाग. मग त्याने खिशातून पोवळ्याच्या रंगाच्या रोगणाची बाटली काढली, जीभ दातांत धरली आणि यंत्रे जोडणाऱ्या हाताने नवीची माशी रंगवली. एक थेंब बाहेर नाही. कडा सरळ, थर सारखा. बाजूला निजलेल्या माझ्या माशीकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

"एडनाला तेल दिलं, स्प्रिंग बदलली," तो अर्डिसला म्हणाला. नजर अर्थातच खिडकीबाहेर. अर्डिसने नवीची स्लाइड एकदा ओढून पाहिली आणि स्पर्धेत नाव घालायला सांगितले.

स्पर्धेच्या दिवशी मी त्याच्या गाडीतल्या कप्प्यात होते. नवी नीट चालली नाही तर हाताशी असावी म्हणून बहुधा. मला काही दिसले नाही, फक्त ऐकू आले. आधी लायलच्या गोळ्या, घाईच्या, दोन तबकड्या मुक्या राहिल्या. मग थोडी शांतता. मग अर्डिस. तिची लय मी हजार आवाजांत ओळखते. श्वास सोडून मगच चाप. टण. टण. टण. एकही तबकडी मुकी राहिली नाही.

खरे सांगते, एखादी तरी चुकावी असे मला वाटले होते. तिसऱ्या तबकडीनंतर ते वाटणे थांबले. चौथ्या टणत्काराला मी मनातल्या मनात घोडा मागे ओढून उभी होते.

त्या वर्षी पातेली दुसऱ्याच जोडप्याने, म्हणजे विल्मा आणि गॅरी यांनी घासली. लायलने मला डेलच्या हवाली केले आणि मी पुन्हा काचेच्या कपाटात गेले, "वापरलेले" अशा पाटीखाली.

थोड्याच दिवसांत दुकानाची घंटा वाजली आणि अर्डिस आत आली. ती काचेशी थांबली. वाकली. चष्मा वर केला.

"डेल, हे पिस्तूल कधी आलं?"

डेल खिडकीबाहेर पाहू लागला. "हे? हे इथे कधीपासूनचं आहे, अर्डिसबाई."

"माझा रोगण लावून?"

डेल काचेवरची धूळ पुसू लागला.

"लायलने मला नवं पिस्तूल दिलंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं," अर्डिस म्हणाली. "माशी रंगवलीय की शिक्का मारलाय, असं वाटत होतं. माझ्या हातून रोगण जन्मात काठाच्या आत राहिला नाही. वर स्लाइड अशी मागे आली जशी काही माझीच वाट बघत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्या माणसाने आयुष्यभर स्वतःची पिस्तुलं माझ्यापासून लपवली. पहिल्यांदाच त्याने माझं माझ्यापासून लपवलंय. ते मोडायचं होय?" तिने काचेवर बोट ठेवले. "काढ एडनाला बाहेर. ती घरी येतेय."

"लायल आला आणि त्याने विचारलं, तर?"

"अख्ख्या गावातल्या नवऱ्यांचं खोटं तू सांभाळतोस, डेल. आता एका बायकोचं सांभाळ."

तेव्हापासून मी शिवणाच्या खोलीत राहते. गोधड्यांच्या तुकड्यांखाली एक लोखंडी कुलुपाची पेटी आहे, तिच्यात. लायल कॉफीला बाहेर गेला की अर्डिस मला काढून पुसते, तेल देते, क्लबातल्या बातम्या सांगते. माझी स्लाइड ती ओढून पाहत नाही. आम्हां दोघींनाही ते नको असते.

या वसंतात विल्मा कॉफीला आली होती. लायलही त्या दिवशी टेबलाशी होता. शिवणाची खोली स्वयंपाकघराला लागून असल्यामुळे मला सगळे ऐकू येते.

"आमचा गॅरी डोकं खातोय," विल्मा म्हणाली. "पाचवी आवृत्ती घेऊ या म्हणतो. जुनं देऊन नवं घेण्यात काही अर्थ आहे का गं?"

"मला काय ठाऊक?" अर्डिस म्हणाली. "माझं तर कधीपासूनचं तेच आहे."

रोलच्या बशीवर चमचा वाजला. मग ती सावकाश म्हणाली, "पण घे. स्प्रिंग हलकी आहे म्हणतात."

पलीकडे लायलचा कप बशीवर टेकण्याचा आवाज यायला हवा होता. तो बराच वेळ आला नाही.

"कोण म्हणतं?" लायलने विचारले.

"लोक," अर्डिस म्हणाली. "कॉफी घेशील अजून?"

दुसऱ्या दिवशी अर्डिस चर्चच्या रोपविक्रीला गेली, तेव्हा शिवणाच्या खोलीचे दार उघडले. लायलला त्या घरातल्या प्रत्येक किल्लीची जागा माहीत आहे. फक्त तसे त्याने कधी दाखवलेले नाही. त्याने पेटी उघडली, माझ्याकडे पाहिले, माझ्या ओघळलेल्या माशीवरून अंगठा फिरवला आणि नाकातल्या नाकात हसला. मग खिशातून काहीतरी काढून माझ्याशेजारी ठेवले, कुलूप लावले, किल्ली जागेवर टांगली.

पोवळ्याच्या रंगाच्या रोगणाची ती बाटली होती. त्यातला रोगण एकाच माशीपुरता कमी झालेला.

अर्डिसला बाटली सापडली तेव्हा तिने ती उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा माझ्याशेजारी ठेवली. ना ती त्याला काही बोलली, ना तो तिला. शनिवारी दोघे नेहमीसारखी क्लबात गेली, नवीला घेऊन.

वाचकहो, जुने सोडून नवे घ्यावे का, हा प्रश्न तुमच्याही घरी कधी ना कधी निघेल. त्यावर दुकानात परिषद भरवू नका. ज्याच्यासाठी घ्यायचे, त्याचे हात आधी पाहा. ते दुखत असतील तर बेलाशक घ्या, आणि आम्हां जुन्यांची भीड धरू नका. आमच्यासाठी एखादी पेटी पुरते. आणि कधी टॉरगर्सनांकडे कॉफीला गेलात, तर स्प्रिंगचा विषय मात्र काढू नका. त्या टेबलाशी दोघांनी फार कष्टाने न बोललेले असे ते आहे.

बाकी मी ठीक आहे. कालच अर्डिसने लायलने ठेवलेली ती बाटली उघडून माझ्या माशीला थर दिला. दोन्ही अंगांना ओघळला आहे.