मिनिटाला पंधरा श्वास

श्वास मोजायचे ते माणसाला कळू न देता. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. "कळलं की माणूस श्वासाचं नाटक करतो," आमच्या सिस्टर बजावायच्या. डॉक्टरांच्या मदतनिसाचं काम शिकायला मी एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्या वर्गात जाऊन बसले होते. सुई, पट्टी, रक्तदाब, सगळं जमलं. घोडं अडलं ते या श्वासापाशी.

कारण समोरच्याची छाती वर गेली की माझीही जायची. त्याचा श्वास खाली, माझाही खाली. मग कुणाचा कुठला, पत्ताच लागायचा नाही. दवाखान्याचा हिरवा पडदा हलत राहायचा आणि मी तरंगत कुठल्या कुठे जायची. पहिल्या परीक्षेत एका आजींचे श्वास मोजता मोजता मला चक्क डुलकी लागली. "या परत," सिस्टर कानाशी म्हणाल्या आणि अख्खा वर्ग खिदळला. असा संताप आला! पण करते काय? दुसऱ्यांदा नापास झालं की नाव काढून टाकायचे, आणि मला पुन्हा कापडाच्या दुकानात ठाण उलगडत उभं राहायचं नव्हतं.

म्हणून सरावाला बाबांना धरलं. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. दुपारी ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत असायचं, पडद्यातून आलेलं ऊन त्यांच्या पोटावर हलायचं. मी मनगट धरायची.

"नाडी बघते हं, बाबा."

"बघ. तुला दुसरं काम काय!"

पंधरा. दुसऱ्या दिवशी पंधरा. तीन आठवडे एकदाही चौदा नाहीत की सोळा नाहीत. त्या खोलीत मी अर्धी झोपेत असायची, खोलीच संथ श्वास घेतेय असं वाटायचं, तरी आकडा पंधराच. मला वाटलं, जमलं बाई एकदाचं!

परीक्षेच्या दिवशी सकाळी चपला घालता घालता म्हटलं, शेवटचं एकदा बघू. बाबांना दोन दिवस खोकला होता. "काही नाही गं, जाईल," म्हणून त्यांनी तो उडवून लावला होता. मनगट धरलं तर चटका बसला. अर्धं मिनिट जेमतेम उलटलं आणि पंधरा होऊन गेले. पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठावीस.

"पंधरा लिही आणि नीघ," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन टिकटिक आत... दोन बाहेर. मिनिटाला पंधरा." त्यांना बोलताना धाप लागत होती. "तू पास व्हायला हवीस ना. आज नाही गं साधत."

रडू आलं आणि रागही आला. तीन आठवडे मी श्वास नाही, घड्याळ मोजत होते! टॅक्सी बोलावली. "परीक्षा बुडेल," बाबा दारातच अडून बसले.

"बुडू दे! गप्प बसा नि चला!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

आमचा वर्ग ज्या दवाखान्यात भरायचा, तिथेच नेलं. सिस्टर दारातच भेटल्या. उशीर का, हे त्या विचारणार तोच मी म्हणाले, "मिनिटाला अठ्ठावीस. पूर्ण मिनिट मोजलेत." त्यांनी बाबांचं मनगट धरलं, छातीकडे पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. न्यूमोनिया निघाला. "उद्यावर टाकलं असतंत तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी बाकीच्यांची परीक्षा उरकून सिस्टर कागद घेऊन खाटेपाशी आल्या. "तुमची राहिलीय," त्या म्हणाल्या. "यांचेच मोजा. मीही मोजते."

या खोलीत टिकटिकणारं काही नव्हतं, सिस्टरांचं मनगटी घड्याळ मुकाट चालत होतं. मी बाबांचं मनगट धरलं.

"नाडी बघते हं, बाबा."

त्यांनी प्राणवायूच्या मास्कआडून एक डोळा उघडला. "बघ. तुला दुसरं काम काय!"

आणि डोळा मिटून घेतला. छाती वर गेली, अडखळली, खाली आली. माझा श्वास तिच्यामागे निघाला होता, मी त्याला थांबवलं. तुमचा तुमच्यापाशी, बाबा, माझा माझ्यापाशी. मी मोजत राहिले.

"सव्वीस," मी म्हणाले.

सिस्टरांनी कागदावर आधीच सव्वीस लिहून ठेवले होते.