पाथरीची पाटी

"टाकीमागचा कोपरा आज साफ करा, जयवंताबाई. उद्या लॉनवाले येऊन राहिले," मनोहरराव म्हणाले. "नुसतं तण माजलंय तिथं."

"तण नाई जी, पाथरी हाय ते."

हुडकेश्वरातल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बागेत जयवंता अकरा वर्षं माळीणकाम करते. मनोहरराव बाग समितीचे अध्यक्ष. कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. झाड दिसलं की त्याच्यापुढं नावाची पत्र्याची पाटी. आणि नियम असा, की पाटी असलेल्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळं त्यांनी स्वतः लावलेला चाफा दोन वर्षांपूर्वी वाळून काठी झाला, तरी मानानं उभा होता. "फुटेल पालवी," ते रोज सांगत.

पाथरी पडली रानभाजी, तिला पाटी नव्हती. टाकी भरून वाहिली की पाणी त्या कोपऱ्यात जिरायचं, आणि तेवढ्या ओलीवर ती जमिनीला चिकटून वर्षानुवर्षं पसरायची. दातेरी पानं, वर इवलंसं पिवळं फूल. जयवंतानं एकदा ती घरी डब्यात लावून शेणखत घातलं, तर आठवड्यात गेली. लाड तिला सोसत नाहीत. म्हणजे हा कोपरा गेला, की जयवंताच्या भाकरीसोबतची पाथरी गेली.

सकाळी लॉनवाले टाकीपाशी येऊन थबकले. मातीत एक पाटी रोवलेली होती. तेलाच्या डब्याचं झाकण, त्यावर जयवंताच्या सुनेनं, पायलनं, नेलपॉलिशनं लिहिलेलं: 'पाथरी'.

मनोहरराव तरातरा आले. "ही कोणी लावली?"

"म्या. नेम तुमचाच हाय न?"

"अहो, पाटी मी ठरवतो!"

"मंग पयले त्या चाफ्याच्या काडीची काढा. हिची मी काढीन."

लॉनवाले तोंड फिरवून हसले. मनोहररावांनी चाफ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एवढा कोपरा सोडून अंथरा रे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "खातात कशी हिला?"

"कच्चीच. तेल-मीठ लावून, भाकरीसंगं."

"कडू लागते?"

"लागते थोडी. तुमाले चालन."

दुपारी मनोहरराव पँट गुडघ्यावर ओढून तिथं उकिडवे बसले होते. बोटांना खुडलेल्या पाथरीचा पांढरा चीक लागलेला.

"जून नका घेऊ जी, कोवळी घ्या," बाकावरून जयवंता म्हणाली, आणि जेवणाच्या डब्यातली भाकरी मोडून तिनं अर्धी झाकणावर काढून ठेवली.