पडापडीचं रीळ

“काका, शिडीवर चढला, इथपर्यंत आहे. मग पडतो कुठे?”

पुण्याच्या शेखरने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. धडपडीचे जुने मूकपट जमवायचा त्याला नाद. त्यापायी तो नाशिकला, सिडकोतल्या भिकन पगाऱ्यांच्या मागच्या खोलीपर्यंत आला होता.

भिकनरावांनी उमेदीची वर्षं तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवलं. मालकाने तंबू गुंडाळला तेव्हा ही रिळं त्यांच्या वाट्याला आली. आता सून पायलला त्या खोलीत पार्लर टाकायचं होतं. ‘आंबूस वास येतो, बायका फेशियलला येतील की लोणचं घ्यायला?’ हा तिचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. सांभाळणारा मिळाला तर ठीक, नाहीतर रिळं बाहेर, असं घरात ठरलं होतं.

“पडतो ना, यात पडतो!” भिकनरावांनी सगळ्यात जाड रीळ पुढे केलं. “चंदनपुरीच्या यात्रेत पब्लिक ओरडायचं, ‘पाड रे, परत पाड!’ मग काय, प्रत्येक पिक्चरमधलं पडणं ब्लेडने कापलं नि एकाला एक जोडलं. शिडीवरून, हौदात, पिठाच्या पिंपात. लोक लोळायचे साहेब!”

शेखर हसला नाही. हसवणाऱ्या वस्तू जमवणाऱ्यांना स्वतः हसायला सवड नसावी.

“म्हणजे एकही पिक्चर अख्खा नाही?”

“नुसतं चढणं बघायला कोण येतं?”

“काका, सगळ्यांची वाट लावलीत तुम्ही.” दाराशी जाऊन तो थांबला. “डबे मात्र मस्त आहेत. लेबलं जुनी आहेत. रिकामे द्याल?”

भिकनराव तोंड उघडेपर्यंत पायलने चादर अंथरलीसुद्धा. “द्या की बाबा. तेवढीच जागा होईल.”

रिळं चादरीवर उतरली. डबे मोटारीत बसून पुण्याला गेले.

सकाळी घंटागाडी आली. गाठोडं घेऊन भिकनराव स्वतःच खाली उतरले.

“हे ओल्यात की सुक्यात रे?”

गाडीवरच्या माणसाने एक टोक ओढून उन्हात धरलं. “आजोबा, कोणीतरी पडतंय की यात!” तो खदखदून हसला. कचरा टाकायला आलेल्या बायकांना त्याने बोलावून दाखवलं. त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

“अजून ओढ. पुढे हौद आहे,” भिकनराव घाईने म्हणाले.

मागे अडकलेल्या रिक्षाने हॉर्न दिला.

“सुक्यात टाका,” तो म्हणाला.

भिकनरावांनी गाठोडं सोडून फिल्म आत ओतली. मग चादर झटकली, नीट घडी घातली आणि पायलला परत नेऊन दिली.