सैकालने जागा सोडली नाही

बिश्केक शहरात, मार्गाच्या पहिल्याच थांब्यावर सैकालने दोन भरलेल्या मिनीबस मुद्दाम सोडल्या, तेव्हा कुठे तिसरीत तिला बसायला मिळालं. आधीची दोन्ही बाळं तिसऱ्या महिन्यातच गेली होती. आता पुन्हा दिवस गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दगदग नको, धक्के नकोत, बसमध्ये उभं राहणं तर नकोच. सासूबाईंचं बजावणं निराळं. पोट दिसेपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही, परक्यापाशी तर मुळीच नाही, नजर लागते.

बाजारापाशी तो चढला. डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी, गाल लालबुंद, अंगाने चांगला धट्टाकट्टा. पांढरी दाढी सोडली तर म्हातारपणाची एक खूण नव्हती, पण तेवढ्या दाढीवर हा अख्ख्या शहराचा आजा होऊन बसलेला. सगळी बस न्याहाळून तो नेमका सैकालसमोर येऊन खाकरला.

"ऊठ पोरी."

"माफ करा बाबा, मला नाही उठता येणार."

"का? पाय मोडलेत?"

आमच्याकडे वडीलधाऱ्याने ऊठ म्हटलं की तरण्या माणसाने उठायचं, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. मागची एक कॉलेजातली मुलगी चटकन उठलीसुद्धा. "बाबा, इथे बसा ना."

त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मला हिचीच जागा पाहिजे. जरा वळण लागू दे हिला."

वळण म्हणे. गुडघे खरंच दुखत असते तर मिळेल तिथे टेकला असता मेला. याला जागा नको होती, कुणीतरी समोर वाकायला हवं होतं.

"उठा ना ताई, कशाला उगाच वाद," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला.

"कुणाची गं तू?" म्हाताऱ्याला चेव आला. "बापाने हेच शिकवलं का?"

सैकालचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले होते. कुणी वडीलधारं माणूस दारात दिसलं की सगळ्यांआधी तेच उठून उभे राहायचे. खरं कारण तिच्या अगदी ओठांवर आलं. एक वाक्य, की सगळी बस तिच्या बाजूची झाली असती. पण या माणसाला सांगायचं? याच्या तोंडी आपलं बाळ द्यायचं?

"नाही शिकवलं," ती म्हणाली. "माझ्या बापाने मला काही म्हणता काही शिकवलं नाही. झालं समाधान?"

बसभर चुकचुकाट झाला. "मेलेली बरी असली लेक," एक बाई शेजारणीला म्हणाली. म्हातारा तर फुललाच. मागची जागा रिकामी ठेवून, दांडीला लोंबकळत, चार थांबे तो आजकालच्या पोरींवर बोलत राहिला. मग उडी मारून उतरला आणि रस्ता ओलांडून तरातरा निघून गेला.

बाकीचे अजून तिच्याकडे वळून वळून बघत होते. आपण बापाला काय बोलून बसलो, या विचाराने सैकालचं रडू थांबत नव्हतं. पण ती बसून होती.