खिशावरची नावं

आमच्या दुकानात दिवसभर पुरुषांची नावं शिवली जातात. गोदीच्या मोठ्या दारासमोरच दुकान आहे. जहाजावरचा माणूस एकदा का बॉयलर सूट चढवून, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला मास्क लावून उभा राहिला, की जन्मदात्या आईलाही ओळखू यायचा नाही. म्हणून डाव्या खिशावर नाव. निळ्या कापडावर पिवळा धागा, अक्षर बोटाच्या पेराएवढं. मशीन मी चालवते. माझा धाकटा भाऊ पाठमोरा बसून संगणकावर अक्षरं जुळवून देतो, कारण जगातली निम्मी नावं मला उच्चारताही येत नाहीत. चुकलं तर उसवावं लागतं आणि उसवलं की कापडाला भोकं पडतात. एकदा एका आचाऱ्याच्या नावातलं एक अक्षर गळलं. त्याला घाई होती, तसाच गेला बिचारा. परत आला तेव्हा जहाजावर त्याला सगळे त्याच चुकीच्या नावाने ओळखत होते आणि तोही त्या हाकेला ओ देत होता.

तर अशा नावांच्या कारखान्यात बसणाऱ्या माझ्या भावाने स्वतःच्या मुलाला नाव द्यायला साफ नकार दिला.

मुलगा वेळेच्या फार आधी झाला. तळहातावर मावेल एवढा, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. जन्मल्याबरोबर काचेच्या पेटीत. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या, बोलक्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पेटीजवळ उभं करून समजावलं.

"ही घाईने आलेली मुलं श्वास घ्यायला विसरतात. खरंच विसरतात हो. मशीन ओरडतं, मग आम्ही तळपायाला टिचकी मारतो, पाठ चोळतो, हाक मारतो. बहुतेक वेळा आठवतं त्यांना. औषध चालू आहे, पण घरच्यांचा आवाजही कानावर पडू द्या. बोला त्याच्याशी. नाव काय ठेवलंय?"

"नाव नाही," धाकटा म्हणाला.

"मग तोवर आम्हीच ठेवतो काहीतरी. तो पलीकडचा पैलवान आहे, ही राणीसरकार. याला काय म्हणू या?"

"काही म्हणू नका," तो म्हणाला. "कृपा करून काहीच म्हणू नका."

आणि तोंडाला कुलूप लावून उभा राहिला. रोज तसाच. बाळंतीण वहिनीला चाकाच्या खुर्चीवरून आणायचे, ती पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून बाळाच्या डोक्यावर बोट ठेवायची, आणि हा खांबासारखा शेजारी. हूं नाही की चूं नाही. "मला साधं 'सोन्या'सुद्धा म्हणू देत नाहीत हो," वहिनी एकदा माझ्या कानाशी म्हणाली. त्याच दिवशी माझा पारा चढला. त्याला मी बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"अरे, गोदीतल्या भटक्या कुत्र्यालाही नाव आहे. ते पोर आत श्वासासाठी झगडतंय आणि बापाला त्याला हाक मारायला होत नाही?"

"ताई, गेल्या वेळी नाव आधी आलं होतं."

गेल्या वेळचाही मुलगाच होता. त्याचं नाव त्याच्या येण्याआधी कितीतरी महिने ठरलं होतं. चांगलं भारदस्त नाव, 'ज्याला कुणी जिंकू शकत नाही' अशा अर्थाचं. धाकट्याने ते गावभर केलं. शेजारणी वहिनीच्या पोटाला त्या नावाने विचारायच्या, आज फार लाथा मारतोय का म्हणून. नाव घरात येऊन बसलं, पोर मात्र घराचा उंबरासुद्धा न बघता गेलं.

पण रागाला कुठे कळतं? "म्हणजे तू आत्ताच हात टेकलेस?" मी म्हटलं. तो जिना उतरून गेला.

माझा राग तसा लवकर उतरत नाही, पण निदान तो मला कामाला लावतो. मी ठरवलं, हा नाव शोधत नसेल तर मी शोधीन. अर्धं जग खिशात नाव घालून माझ्या दारात येतंय, एकाला विचारायचं तरी. दुसऱ्या दिवसापासून माप द्यायला येईल त्याला मी धरायला लागले. बाबा रे, तुझ्या नावाचा अर्थ काय? धाकटा पाठ करून बसलेला. त्याला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम मोठ्याने विचारायची.

पहिला आला क्रेन चालवणारा. थॉमस.

"जुळा," तो म्हणाला. "फार जुन्या भाषेत थॉमस म्हणजे जुळा. आम्ही दोघे झालो."

"मग दुसऱ्याचंही नाव थॉमसच?"

"त्याचं कसं असेल? तो आधी आला. तो आला तेव्हा एकटाच होता. मी आलो तेव्हा जुळं झालं."

मग बॉयलरवर काम करणारा एक पिकल्या केसांचा माणूस आला. इसहाक. म्हणजे 'तो हसतो'. तो झाला तेव्हा त्याच्या आईचं वय इतकं होतं की आळीतल्या बायका तोंडावर पदर धरून हसल्या. आईने त्या हसण्याचंच नाव करून टाकलं. "आता हसा म्हणावं, जन्मभर हसा," असं म्हणून तो स्वतःच इतका हसला की मापाची टेप हातातून सुटली. मग आला कोफी. कोफी म्हणजे शुक्रवारी झालेला मुलगा. त्यांच्याकडे म्हणे वाराचं नाव जन्माबरोबरच मिळतं, बाकीची नावं मागून येतात. "मग बाजारात कोफी म्हणून हाक मारली तर?" मी विचारलं. "कितीतरी शुक्रवार मागे वळून बघतात," तो म्हणाला.

आणि पीटर. अंगाने दांडगा वेल्डर. "दगड," त्याने शांतपणे सांगितलं. मला हसूच फुटलं. आमच्या नात्यात एक दगडूकाका होते. त्या नावापायी जन्मभर त्यांची चेष्टा झाली, आणि इथे जगातली निम्मी साहेबमंडळी दगडू म्हणून मिरवत होती! मी त्याला काकांबद्दल सांगितलं. त्याला मुळीच राग आला नाही. फक्त विचारलं, "टिकले का?"

"नव्वदी गाठली."

"मग झालं की," म्हणून तो सूट खांद्यावर टाकून गेला.

इतकी वर्षं मी ही नावं शिवत होते. धागा तुटू नये, अक्षर वाकडं होऊ नये, एवढंच बघत होते. आता मशीनखाली एकेक खिसा सरकवताना माझा हात थबकायला लागला. या प्रत्येक आडदांड, घामट, तंबाखूचा वास मारणाऱ्या बाप्याकडे कधीतरी कुणीतरी वाकून बघितलं होतं. तो उघडा होता, मुठी मिटलेल्या होत्या, जगेल की नाही याची खात्री नव्हती, आणि त्याच्याकडे बघत कुणीतरी एक शब्द उच्चारला होता. दगडासारखा टीक. हस. शुक्रवारी आलास, शुक्रवारचा हो. तो शब्द अंगावर घेऊन ही माणसं समुद्र ओलांडून आली होती. आई गेली, गाव सुटलं, भाषा सुटली, तो शब्द तेवढा राहिला. मी मशीन बंद केलं आणि उगाचच पाणी प्यायले.

धाकट्याची पाठ मात्र हलली नाही.

मग एका सकाळी जहाजावरचा एक इलेक्ट्रिशियन आला. रुंद चेहरा, बारीक डोळे, बोलणं तोडकंमोडकं पण गोड. त्याच्या देशाला समुद्रच नाही. "म्हणून तर बघायला आलो," म्हणाला. कागदाच्या चिठोऱ्यावर त्याने नाव लिहून दिलं. एनेबिश. मी सवयीने विचारलं.

"हा नव्हे," तो म्हणाला.

"हा नव्हे, तर मग कुठला? नीट लिहून द्या बघू."

"नाही, नाही. नावाचा अर्थच तो. हा नव्हे."

धाकट्याची खुर्ची करकरली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा वळला होता. "काय म्हणालात?"

इलेक्ट्रिशियनने हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. "माझ्याआधी दोन भाऊ झाले, दोघेही गेले. चांगली नावं होती त्यांची. मग मी झालो. आमच्याकडे अशा वेळी असंच करतात. मरण दारात येतं, विचारतं, कुठे आहे तो मुलगा? आई सांगते, हा नव्हे. मरण गोंधळतं. दुसरीकडे जातं. आमच्या शेजारी एक होता, त्याचं नाव नेर्गुई. म्हणजे 'नाव नाही'. नावच नाही तर मरण बोलावणार कुणाला?"

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो. याच्या आईने काळाला पत्ताच चुकीचा सांगितला होता.

"आणि चाललं ते?" धाकट्याने विचारलं.

"समोर उभा आहे की मी."

"मग मोठं झाल्यावर नाव बदललं नाही तुम्ही?" मी विचारलं.

"कशाला? अजून चालतंय ना!" तो हसला. "आई शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारायची. दारात उभी राहून ओरडायची, हा नव्हे, जेवायला ये!"

धाकटा पुन्हा संगणकाकडे वळला आणि अक्षरं जुळवायला लागला. सात इंग्रजी अक्षरांना त्याला बराच वेळ लागला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले आणि मला रडू आलं. हात टेकले होते म्हणे त्याने! माझा भाऊ पेटीशेजारी उभा राहून इतके दिवस आपल्या लेकराला लपवत होता. हा माणूस कधी आपल्या गोदीपलीकडे गेला नाही, आणि कुठल्या दूरच्या माळावरच्या, पोरं गमावलेल्या आया जे करत आल्या, तेच याने कुणी न सांगता केलं होतं. नाव नाही, असं तो सिस्टरना म्हणाला, तेव्हा खरं म्हणजे त्याने नाव सांगितलं होतं.

"चल," मी म्हटलं. "दुकान राहू दे उघडं, कुणी नावं चोरून नेत नाही."

वहिनी पेटीजवळ आधीच येऊन बसली होती. धाकट्याने तिच्या खुर्चीशी गुडघे टेकले आणि तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात, अगदी 'जेवायला ये'च्या हाकेपर्यंत. ती ऐकत होती आणि तिचं बोट बाळाच्या डोक्यावर होतं. बोलणं संपता संपता मशीन ओरडायला लागलं.

सिस्टर धावत आल्या. दुसऱ्या गोल खिडकीतून हात घालून त्यांनी तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली. पाठ चोळली. बाळाचे ओठ निळसर व्हायला लागले. "अरे, घे ना रे बाबा," त्या पुटपुटल्या, मग मान वळवून ओरडल्या, "डॉक्टर!"

तेव्हा माझा भाऊ उठला. त्याने बाळाकडे पाहिलंच नाही. पेटीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून तो उभा राहिला आणि इतक्या मोठ्याने बोलला की पलीकडचा पैलवान दचकून रडायला लागला.

"हा नव्हे! ऐकू आलं का? हा नव्हे!"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. "हा नव्हे म्हणून सांगितलं ना एकदा?" मी त्या रिकाम्या दाराला दम भरला. "चुकीच्या घरी आलायस. चालता हो!" एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि एवढा जोरही कधी आला नव्हता. आमच्या मागे किती आयाबाया उभ्या होत्या कोण जाणे.

दारातून डॉक्टर धावत आत आले, आमच्याकडे चमकून बघत आमच्यामधून वाट काढून गेले. आणि मागून वहिनीचा आवाज आला. ती दाराशी बोलत नव्हती. तिने काचेला गाल लावला होता, आणि उशीर झालेल्या पोराला घरात बोलवावं तशी ती हाक मारत होती.

"हा नव्हे... ए हा नव्हे, ये ना रे. ये."

पेटीतून एक उचकी आली. मग एक बारीक, चिडका, ओला आवाज. मशीन गप्प झालं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, नळी नीट केली आणि होकारार्थी मान हलवली. ओठांचा रंग हळूहळू परत येत होता. धाकटा होता तिथेच फरशीवर बसला आणि ओंजळीत तोंड घालून मोठ्याने रडायला लागला.

सिस्टरनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "बघा, मी सांगत नव्हते? आईच्या हाकेला ओ दिलीन," त्या म्हणाल्या. "नाव ठेवलंत वाटतं शेवटी. काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही मला त्या गडबडीत."

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने सांगितलं.

सिस्टरनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. का, कशाला, काही विचारलं नाही. अशी किती मुलं त्यांच्या हातून गेली असतील आणि किती राहिली असतील, त्यांनाच ठाऊक. त्यांनी खिशातून जाड पेन काढलं, पांढरी चिकटपट्टी फाडली, ठळक अक्षरांत 'हा नव्हे' लिहिलं आणि ती पट्टी पेटीला, खोलीच्या दाराकडे तोंड असलेल्या बाजूला लावली, आत येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल अशी.