पाठीचा तुकडा आणि वाकडी सळई

मी एक जुनी, कांस्याची, मांस भाजायची सळई आहे. मित्रांनो, तुम्ही भाल्याची कथा ऐकायला आला असाल तर माफ करा. त्या दिवशी भाला भिंतीला टेकून झोपला होता.

पिलोस नगरातल्या एका तांबटाने मला घडवले आणि उरलेल्या कांस्यातून भाला केला. म्हणजे तो माझा सख्खा धाकटा भाऊ. पण घरात कौतुक नेहमी त्याचेच.

आम्ही दोघे थ्रासिलोसचे. थ्रासिलोस आमच्या सैन्यातला पहिला वीर. तो कधी पळाला नाही, शब्द मोडला नाही, दारी आलेल्याला उपाशी पाठवले नाही. दोष एकच: हे सगळे त्याला माहीत होते.

बैल कापला की पाठीचा लांब तुकडा सर्वांत शूर माणसाला वाढायचा, हा आमच्याकडचा रिवाज. एका संध्याकाळी सेनापती पोलिदासने तो आपल्या जावयाला वाढला. जावयाचा पराक्रम एवढाच, की बोट लागत असूनही तो युद्धाला आला होता.

थ्रासिलोसच्या पुढ्यात खांद्याचा तुकडा आला. तो ताडकन उठला. "पृथ्वीची आणि पाताळातल्या नदीची शपथ! यापुढे भाल्याला, तलवारीला हात लावणार नाही!"

त्याचा सारथी मोलोन, लहानपणापासूनचा सोबती, खांदा घेऊन झोपडीत आला.

"अरे, खांदाही चांगला असतो. मऊ असतो."

"प्रश्न मऊपणाचा नाही."

"मग मी खाऊ?"

"खा. पण माझ्याकडे बघत चावू नकोस."

मोलोनने खाल्ले, माझ्यावरची चरबी पुसली आणि हळूच विचारले, "उद्या शत्रू किनाऱ्यावरच्या आपल्या जहाजांपर्यंत आला तर?"

"जावई आहे की!"

दुसऱ्या दिवशी शत्रू मशाली घेऊन जहाजांपर्यंत आलाच. जावयाला जमिनीवरच बोट लागली. मोलोन एकटाच रथ घेऊन पुढे गेला. थ्रासिलोस चुलीपाशी बसून मला फिरवत राहिला. माझ्यावर मांस नव्हते.

मग मोलोनची हाक आली. थ्रासिलोसचा हात भाल्याकडे गेला आणि हवेतच थांबला. शपथ! शब्द मोडणे त्याला येत नव्हते, आणि मित्राची हाक ऐकून बसून राहणेही. मग त्याने मला उचलले.

सळई घेऊन धावत येणारा वीर पाहून शत्रू थबकला. एक जण ओरडला, "अरे, जेवणाला अवकाश आहे अजून!" पुढे तो काही बोलला नाही.

एका ढालीवर आपटून मी कमरेत वाकले. जहाजे वाचली. मोलोनही वाचला, पण त्याचा पाय तोवर रथाखाली चिरडला होता. थ्रासिलोस घटकाभर आधी आला असता तर, असे कुणीच म्हणाले नाही. सगळ्यांना ते कळत होते.

त्या संध्याकाळी पोलिदास स्वतः पाठीचा तुकडा घेऊन आला. थ्रासिलोसने तो मोलोनच्या पुढ्यात ठेवला. 'चुकलो' हे काही तो म्हणाला नाही; ते त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

"खा," तो म्हणाला.

"मग माझ्याकडे बघू नकोस," मोलोन म्हणाला.

आता दोघांचे केस पांढरे झाले आहेत. अजूनही पाठीचा तुकडा आधी मोलोनला जातो. गायक मात्र त्या दिवसाचे गाणे म्हणताना माझ्या भावाचे नाव घेतात. तो भिंतीला टेकून मान डोलावतो.

मित्रांनो, काम झाले की सळईला राखेने घासा, ओली टाकू नका, कांसे कळकते. ज्याचा मान त्याला वेळेवर द्या. नाही मिळाला, तरी हाक आली की उठा. फक्त मला ठोकून सरळ करू नका. गाण्यात तो उशीर कुठेच नाही. तो मोलोनच्या पायात आहे आणि माझ्या बाकात.