कारल्याची बंदूक

सव्वीस जानेवारीच्या सकाळी घरातली बाप्ये मंडळी फेटे बांधून घेण्यात गुंतलेली असताना अवंतिकाने गुपचूप मिक्सरला कारलं लावलं. रसायनशास्त्रातली एमएस्सी अखेर कामाला आली.

गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावात घरटी एक तरी फौजी. आणि गावाची रीत अशी, की फौजीच्या घरातलं पोर तीन वर्षांचं झालं की झेंडावंदनानंतर त्याला देवळापुढं पाटावर बसवायचं. समोर ताटात लाकडी बंदूक, पळी आणि पेन. पोरानं बंदूक उचलली की ते फौजेला गेलंच म्हणून समजायचं. गाव मग सोडत नसे. शेजारच्या आदर्शनं लहानपणी बंदूक उचललेली. त्याला गाव रोज पहाटे उठवून भरतीसाठी पळवत होतं. बिचाऱ्याला बेकरी काढायची होती.

यंदा पाटावर राजवीर बसणार होता. त्याचा बाप विजयसिंह तिकडं वर, बर्फात. रेंज नसल्यानं त्याचा फोन आठवडाभर आला नव्हता. घरातला एक माणूस दिलाय, तेवढ्यावर भागवा की, असं अवंतिकाला सासऱ्यांना सांगायचं होतं. पण सुभेदार हंबीररावांनी नातवासाठी फणसाच्या लाकडाची बंदूक स्वतः कोरली होती, रोज घासून गुळगुळीत केली होती. त्यांच्यापुढं बोलणार कोण? राजवीर अजून जग तोंडानंच ओळखायचा. रिमोट, चप्पल, एकदा शेजारणीचा अंगठासुद्धा. म्हणून तिनं बंदुकीच्या नळीला रस चोपडला आणि बंदूक वाळवून ताटात ठेवली.

सोहळा सुरू झाला. छातीवर मेडलं लावलेल्या म्हाताऱ्या जवानांना शाली पांघरून उन्हात बसवलं होतं. सरपंचांनी तरुणांना देशासाठी रक्त सांडायचं आवाहन केलं. त्यांनी स्वतः आजवर देशासाठी फक्त भाषणं सांडली होती.

राजवीरला पाटावर बसवलं. त्यानं पळीकडं बघितलं, पेनाकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी बंदूक उचलली.

"आला रं आला, वाघ आला!" लोक ओरडले. हलगी कडाडली.

वाघानं नळी तोंडात घातली. मग त्याचं तोंड जे वाकडं झालं, ते सगळ्या गावानं बघितलं. अशी बोंब ठोकली की हलगीवाला थांबला. फेकलेली बंदूक थेट सरपंचांच्या फेट्याला लागली.

हंबीररावांना वाटलं, कुसळ राहिलं की काय. त्यांनी बंदूक उचलली, बोट फिरवलं, हुंगली. शेवटी जीभ लावली. माईक त्यांच्या तोंडापुढंच होता.

"कारलं!" सगळ्या गावाला ऐकू गेलं.

त्यांनी थेट सुनेकडं बघितलं. अवंतिका एक पाऊल पुढं आली.

"मी लावलं, मामा."

"का?"

"फोन वाजला तरी माझ्या छातीत धडधडतं, नाही वाजला तरी धडधडतं. आता ह्याचंही आजपासूनच सुरू करू? त्याला अजून चड्डी सरळ घालता येत नाही."

"आमाला बी येत नव्हती," शालीतला एक म्हातारा पुटपुटला. "फौजेनंच शिकवली."

कुणी हसलं नाही. हंबीररावांचा चेहरा उतरला होता. "म्या सोता घासलीया ती बंदूक, पोरी."

"हंब्या, बस खाली!" बायकांच्या पुढच्या रांगेतून आवाज आला. हंबीररावांची आई, अंबूबाई. सगळ्या तालुक्यात सुभेदाराला हंब्या म्हणणारं हे एकच माणूस. "तुझ्या येळेला म्या मिरची लावलती."

"काय?"

"लवंगी. दिसभर बोंबलत हुतास. तुझा बा म्हणतोय, बघा, पोरगं देशासाठी रडतंय!"

"आमच्यात चुना लावलता," मागून दुसरी म्हातारी म्हणाली. "आमी तंबाकूचं पाणी," तिसरी. शालीतले सगळे शूरवीर जीभ चाचपत एकमेकांकडं बघायला लागले.

"मग म्या गेलो कसा फौजेत?" हंबीररावांनी विचारलं. आवाज लहान पोराचा झाला होता.

"मिसरूड फुटलं आन् एक दिस न सांगता पळालास बेळगावला, भरतीला. त्यो तुझा तू गेलास. पाटानं न्हाय धाडलं तुला." अंबूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्या कितीबी मिरची लावली तरी गेलास की."

हंबीररावांनी खांद्यावरची शाल काढली. त्या नव्याकोऱ्या मानाच्या शालीनं त्यांनी बंदूक पुसली, सुनेच्या हातात दिली.

"धुऊन माळ्यावर ठेव. मोठा झाला की त्येलाच इचारू." मग माईकमध्ये खाकरून म्हणाले, "पुढल्या वर्सापास्नं पाटावर मिसरूड फुटलेलं बसवायचं. ज्येला जायाचंय त्यो आपल्या पायानं यील. पोरगी आली तरी चालंल."

"मग सुभेदार," मागून आदर्शनं हात वर केला, "मी उद्या पहाटे झोपू?"

"झोप मुडद्या! खारी मातूर चांगली कर."

पांगापांग चालू असताना अवंतिकाचा फोन वाजला. छातीत धडधडलंच. विजयसिंह होता, आवाज तुटत तुटत येत होता.

"उचललं काय पोरानं?"

तिनं बघितलं. राजवीर आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या छातीवरचं मेडल चघळत होता. ती ओढून घ्यायला पुढं झाली, आणि थांबली.

"मामांचं मेडल खातोय," ती म्हणाली. "त्याला मी काही लावलेलं नाही."